परसातल्या खोलीत कुणाचा शेजार कुणाला?

हातातलं काम चालू ठेवा, नुसते कान इकडं द्या.

आज आपण अशा एका जागेबद्दल बोलणार आहोत, जी आपल्या प्रत्येकीकडं आहे, पण जिच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. कुणी तिला खोपी म्हणतं, कुणी कोठी, कुणी नुसतंच शेड. कुणाची ती गोठ्याला लागून असते, कुणाची परसबागेच्या कडेला, आणि ज्यांच्याकडं खोलीच नाही त्यांचा पडवीचा एक कोपरा असतो. खुरपं, फावडं, घमेलं, खताची अर्धी गोणी, गेल्या वर्षीचं बी, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, फाटकी ताडपत्री, उरलेला रंग, उरलेलं औषध, सगळं तिथंच जातं. घरात जे नको ते खोलीत. आणि खोलीत गेलं की ते नंतर सापडत नाही.

आमच्या बचत गटाची परसबाग आहे आणि तिच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. सहा बाय आठ फुटांची. आम्ही अकराजणी ती वापरतो. आम्ही ती कशी लावली, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी ती लावायची पाळी आमच्यावर का आली, ते सांगतो. त्यात आमची चूक आहे, आणि ती लपवून उपयोग नाही.

त्या दिवशी काय झालं

गोष्ट पावसाळ्याच्या तोंडावरची. आम्ही वाफे भरत होतो. आमच्यातल्या एका मावशींचा सात वर्षांचा नातू सोबत आला होता. त्याला तहान लागली. आम्ही कामात. तो खोलीत गेला आणि कोनाड्यातली थंड पेयाची बाटली घेऊन बाहेर आला. बाटलीत पातळ चहासारखं काहीतरी होतं. झाकण त्यानं उघडलेलं होतं. मावशींनी धावत जाऊन ती हातातून हिसकावली.

त्या बाटलीत तणनाशक होतं. कुणीतरी मोठ्या डब्यातून थोडं मागून आणलं होतं, फवारून उरलं ते बाटलीत तसंच राहिलं होतं. कुणी आणलं, हे आम्ही शोधत बसलो नाही, कारण ती बाटली आम्ही सगळ्यांनीच महिनाभर तिथं पाहिली होती.

मुलाला एक धपाटा बसला, तो रडला. संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "मारायचं तर मला मारायला पाहिजे होतं. तहान लागली म्हणून त्यानं बाटली उचलली. त्याचं काय चुकलं?"

त्याच पंधरवड्यात दुसरी गोष्ट झाली. दुधी भोपळ्याची वीस आळी केली होती, त्यातल्या चारच उगवल्या. भेंडी विरळ आली. बी आमचंच होतं, चांगल्या फळातून काढलेलं. मग बिघडलं कशानं? ते उन्हाळाभर तापलेल्या पत्र्याखाली, युरियाच्या गोणीला टेकून, पातळ पिशवीत पडलं होतं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की खोलीत पसारा आहे हा खरा प्रश्न नव्हता. कोण कुणाच्या शेजारी राहतंय, हा प्रश्न होता. गावात जसं आपण बघतो ना, कुणाचं कुणाशी पटत नाही, मग त्यांची घरं लांब बरी, तसंच खोलीतही असतं. खायच्या-पेरायच्या वस्तूला विषाचा शेजार चालत नाही. खताला ओलीचा शेजार चालत नाही. पात्याला लहान मुलाच्या हाताचा शेजार चालत नाही. एवढं एक समजलं की बाकीची मांडणी सोपी जाते.

आधी सगळं बाहेर

पहिलं काम म्हणजे खोली पूर्ण रिकामी करणं. आत उभं राहून इकडचं तिकडं करायचं नाही. उघडीप बघून दिवस ठरवा, बाहेर ताडपत्री अंथरा आणि एकूण एक वस्तू तिच्यावर काढा. काढताना हातात काठी आणि पायात बूट पाहिजेत. गोणी उचलण्याआधी काठीनं आपटा. उंदीर असतील तिथं साप येतो, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना अडगळ आवडते. आम्हाला गोण्यांमागं विंचू सापडले, साप निघाला नाही, पण काठी हातात होती म्हणून धीर होता. चुकून कुणाला साप चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा.

सगळं बाहेर आलं की पाच ढीग करा. पहिला, अवजारं. दुसरा, पेरायचं आणि खायचं, म्हणजे बी, धान्य, पेंड, भुसा. तिसरा, खतं. चौथा, विष. कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक, उंदराचं औषध, सगळं यातच येतं. त्याला आपण "औषध" म्हणतो, पण ढीग करताना विषच म्हणा. पाचवा ढीग निकामी वस्तूंचा. फुटकं घमेलं, गळकी झारी, तुटलेल्या नळ्या, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेलं सगळं. आमचा पाचवा ढीग सगळ्यांत मोठा झाला. भंगारवाल्याकडून आलेल्या पैशांत आम्ही कुलूप आणि खिळे आणले.

खोलीची डागडुजी

रिकामी खोली एकदा नीट बघा. दार लावून आत उभं राहा. पत्र्याला भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो, तिथूनच पाणी येणार. ते पावसाआधी बुजवा. भिंतीच्या बुडाशी भगदाड असेल तर काचेचे तुकडे आणि सिमेंट भरा, म्हणजे उंदीर-घूस पुन्हा पोखरणार नाही. जमीन खोलगट असेल तर मुरूम टाकून चोपा. खोलीचा उंबरा बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडा उंच हवा.

हवा खेळती राहायला समोरासमोर दोन झरोके ठेवा आणि त्यांना बारीक जाळी लावा. हे विसरू नका, कारण कोंडलेल्या खोलीत औषधांचा वास साठतो आणि तो आपण आत गेलो की छातीत जातो.

अवजारं भिंतीवर

लहान खोलीत जमीन थोडी असते, पण भिंती चार असतात. अवजारं जमिनीवर पडली की जागा जाते, पायाला लागतात आणि दांड्याला वाळवी लागते. म्हणून अवजारं भिंतीवर.

आम्ही दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठोकल्या. एक कमरेच्या वर, एक डोक्याच्या थोडी खाली. त्यांवर खिळे मारले. फावडं, कुदळ, दाताळं, टिकाव खिळ्यांच्या जोडीत अडकतात, पातं खाली आणि भिंतीकडं. पहार जड, ती कोपऱ्यात उभी करून साखळीनं अडकवली, म्हणजे कुणाच्या पायावर यायला नको. खुरपी आणि विळे एका पाटीत फेकायची आमची सवय होती. हात घातला की बोट कापायचं. आता जाड पाइपचे वीतभर तुकडे भिंतीला तारेनं बांधलेत, प्रत्येकात एक विळा, पातं आत, मूठ बाहेर. कोयता आणि कुऱ्हाड सगळ्यांत वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

पट्टी ठोकताना एक गोष्ट सांभाळा. उंची तुमच्या हाताची घ्या. गावात खोली बांधतात पुरुष, खिळे ठोकतात पुरुष, आणि रोज खुरपं काढायला जातो आपण. आमच्यात सगळ्यांत बुटक्या ज्या काकू, त्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि त्यांचा हात सहज जिथं पोचला तिथं खूण केली.

मग गेरू कालवून प्रत्येक अवजाराभोवती भिंतीवर रेघ ओढली. फावड्याच्या जागी फावड्याचा आकार, विळ्याच्या जागी विळ्याचा. संध्याकाळी दार लावताना एक नजर टाकली की कुठला आकार रिकामा आहे ते कळतं. वाचता येवो न येवो, प्रत्येकीला कळतं. पूर्वी आमचं दर वर्षी एखादं खुरपं बांधावर गवतात हरवायचं, आणि "तूच शेवटी घेतलं होतंस" म्हणून भांडण व्हायचं. आता खुरपंही हरवत नाही आणि भांडणही होत नाही.

ठेवण्याआधी अवजाराची माती खरवडा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि पात्याला तेलाचा हात फिरवा. इंजिनाचं जुनं तेलही चालतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळं गंज लागत नाही आणि धार टिकते. धार चांगली असेल तर मनगट कमी दुखतं, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

बी खोलीत नकोच

आता दुसरा ढीग. बराच विचार करून आम्ही ठरवलं की बियाणं या खोलीत ठेवायचंच नाही. कारण सांगतो.

बी जिवंत असतं. ते झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. ऊब आणि ओल मिळाली की त्याची झोप मोडते आणि त्याची ताकद आतल्या आत संपते. बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला तर त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. साठवणीच्या जागेची उष्णता पाच अंशांनी कमी केली तरी तसंच दुप्पट होतं. आता बघा, उन्हाळ्यात पत्र्याखाली किती तापतं आणि पावसाळ्यात किती दमट होतं. म्हणजे पत्र्याची खोली बियाला सगळ्यांत वाईट. घरातली मातीच्या भिंतीची, अंधारी, गार कोपऱ्यातली जागा त्याला सगळ्यांत चांगली.

आपल्या आज्या हेच करत होत्या. मडक्यांची उतरंड, त्यात राखेत घोळलेलं बी, वर शेणामातीनं लिंपलेलं तोंड. राख ओल शोषते आणि किड्यांना त्रास देते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपत जपत मोठी बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण कुठलं बी कसं जपायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

घरी करायचं असं. बी आधी सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवा. भर दुपारी तापल्या पत्र्यावर टाकू नका, बी भाजून निघतं. वाळलं की सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम बी बरणीत भरलं तर आत घाम येतो. ओल राहिली का हे बघायला मिठाची युक्ती आहे. थोडं मीठ तव्यावर कोरडं करून गार करा. काचेच्या कोरड्या बरणीत ते मीठ आणि त्याच्या दोन-तीन पट दाणे घाला, झाकण लावून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त आहे, अजून वाळवा. मीठ सुटं राहिलं तर ठीक.

मग कागदी पुडीत बी, पुडीवर नाव आणि काढणीचं साल, आणि सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. तळाशी चाळलेली कोरडी राख. सालाची नोंद महत्त्वाची, कारण सगळी बियाणी सारखी टिकत नाहीत. कांद्याचं बी वर्षभरात मंदावतं. भोपळा, काकडी, वांगी त्याहून बरीच जास्त टिकतात.

पेरणीआधी उगवण तपासा. शंभर बिया मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. साधारण आठवड्यानं उघडून मोजा. सत्तर उगवल्या तर उगवण सत्तर टक्के. त्याहून कमी असेल तर बी थोडं जास्त वापरा किंवा बदला. आम्ही हे केलं असतं तर भोपळ्याची वीस आळी वाया गेली नसती.

आणखी एक सावधगिरी. दुकानातून आणलेलं बी गुलाबी, लाल, निळं किंवा हिरवं दिसतं, कारण त्याला औषध चोळलेलं असतं. पेरून उरलं तर ते धान्यात टाकू नका, भाजून खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. त्याची पिशवी विषाच्या पेटीत.

खत कोरड्या जागी

तिसरा ढीग खताचा. युरिया हवेतली ओल ओढतो, त्याचे दगड होतात. म्हणून गोणी जमिनीवर ठेवायची नाही. विटांवर फळ्या टाका आणि गोणी त्यावर ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, म्हणजे ओल लागणार नाही आणि मागं उंदीर झाला तर दिसेल. उघडलेली गोणी रोजच्या रोज सुतळीनं घट्ट बांधा.

युरियाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो पांढरा, दाणेदार, लांबून साबुदाण्यासारखा किंवा जाड्या मिठासारखा दिसतो. कुठल्याही डब्यात, पातेल्यात, बरणीत काढून ठेवू नका. आणि फाटकी गोणी गोठ्याच्या तोंडाशी टाकू नका. जनावरानं युरिया चाटला किंवा तो भिजलेलं पाणी प्यालं तर त्याला विषबाधा होते, जनावर दगावतंही. म्हणून पेंड आणि भुसा या खोलीत ठेवायचा नाही, त्यांची जागा वेगळी.

पेट्रोल, डिझेल, रॉकेलही खताजवळ नको.

विष कुलपात

आता चौथा ढीग. यासाठीच तर आजचं हे सगळं बोलणं.

१६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ लेकरं गेली. तपासणीत जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे पिकावर मारायचं कीटकनाशक. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेलाचा वास वेगळा वाटला होता, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. मैत्रिणींनो, तेल आणि विष यांचा शेजार झाला की काय होतं, ते यापेक्षा आणखी काय सांगायचं?

म्हणून आमचे नियम असे आहेत. हे लिहून घ्या.

पहिला, विष ज्या डब्यात आलं त्याच डब्यात राहील. पाण्याच्या, थंड पेयाच्या, दारूच्या बाटलीत कधीच काढायचं नाही. शेजारणीनं "वाटीभर द्या" म्हटलं तरी द्यायचं नाही. तिला वाईट वाटेल, वाटू दे.

दुसरा, विष पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. आमची पेटी जुन्या लग्नातली ट्रंक आहे. तिच्यावर लाल रंगानं कवटी काढली. आत पातळ औषधं खाली आणि भुकटी वर, म्हणजे बाटली गळली तरी भुकटी भिजत नाही. तळाला वाळूचा थर, गळालं तर शोषून घ्यायला. तणनाशक वेगळ्या डब्यात, कारण त्याचा थेंब जरी दुसऱ्या औषधात गेला तरी तुमचंच पीक जळतं.

तिसरा, डब्यावरचा चौकोन बघायचा. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. आणि हिरवा म्हणजे निर्धास्त नव्हे. हिरवासुद्धा विषच, नुसतं कमी जहाल.

चौथा, मोजायचं माप पेटीलाच बांधलेलं. स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, पेला त्यासाठी बाहेर जाणार नाही, आणि गेलेला परत आत येणार नाही.

पाचवा, लागेल तेवढंच आणायचं. स्वस्त मिळतंय म्हणून मोठा डबा आणला की उरतो, आणि उरलेलंच घात करतं. तारीख उलटलेलं पेटीत साठवत बसू नका, विहिरीत-ओढ्यातही ओतू नका. ज्या दुकानातून घेतलं तिथं किंवा कृषी सहायकांना विचारा.

सहावा, डबा रिकामा झाला की तीनदा पाण्यानं विसळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची. भोक पाडलं की त्यात कुणी तेल, दूध, पाणी भरणार नाही.

सातवा, धान्यात घालायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात नाहीत आणि खोलीतही नाहीत. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. झोपायच्या खोलीजवळ त्या ठेवल्या तर माणसं झोपेतच जातात.

पंपही या पेटीशेजारीच राहील, धुऊन, उलटा टांगून. फवारणीचे कपडे, हातमोजे, चष्मा एका वेगळ्या पिशवीत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामुळं ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. वेगळे धुवायचे, हातात काहीतरी घालून.

एवढं करूनही कुणाच्या पोटात किंवा अंगावर विष गेलंच तर काय करायचं? अंगावरचे कपडे काढा, साबणपाण्यानं भरपूर धुवा. मीठपाणी पाजू नका, बोट घालून उलटी करवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका. १०८ ला फोन करा, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या. डॉक्टरांना विष कोणतं ते कळलं तर उपचार लवकर सुरू होतात.

आणि एक गोष्ट हळू आवाजात बोलायची, पण बोलायची. आपल्या गावांत रागाच्या, दुःखाच्या भरात हात पहिल्यांदा याच बाटलीकडं जातो. तो क्षण टळला तर पुष्कळदा माणूस वाचतं. नुसत्या कुलपानं सगळं थांबत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण घरात कुणी फार गप्प झालं असेल, कर्जानं, भांडणानं खचलं असेल, तर विष त्या घरातून काही दिवस हलवा आणि त्या माणसाजवळ बसा. १४४१६ या नंबरवर कुठल्याही वेळी मोफत बोलता येतं. स्वतःसाठीही, दुसऱ्यासाठीही.

किल्ली कुणाकडं?

पेटीला कुलूप लावलं तेव्हा घरोघरी बोलणं झालं. "औषध आम्ही आणतो, आम्ही फवारतो, किल्ली तुमच्याकडं कशाला?" असं कारभाऱ्यांनी विचारलं. एक सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसली भीती?"

आम्ही भांडलो नाही. मावशींनी त्यांच्या नातवाची गोष्ट सांगितली, तेवढीच. मग ठरलं की किल्ली दोन. एक दर महिन्याला गटातल्या एकीकडं पाळीनं, दुसरी एका घरच्या कारभाऱ्यांकडं. पेटी उघडली की वहीत तारीख, औषधाचं नाव आणि किती घेतलं ते लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्या रंगाचा ठिपका काढतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा. आता कारभारीच विचारतात, "अमुक औषध शिल्लक आहे का वहीत?" आणि असेल तर नवीन आणायचे पैसे वाचतात.

या आठवड्यात काय करायचं

सगळं एका दिवसात होणार नाही, तर निदान तीन कामं करा. आज रात्री घरात, खोलीत, पडवीत, कोनाड्यात नाव नसलेली एकही बाटली आहे का ते बॅटरी घेऊन शोधा. उद्या बी पत्र्याखालून काढून घरात गार जागी आणा. आणि येत्या बैठकीत गटाच्या खोलीसाठी एक पेटी आणि एक कुलूप ठरवा. खिळे, गेरू आणि फळ्या नंतर आणल्या तरी चालतील.

आमची खोली अजूनही सहा बाय आठचीच आहे. तेवढ्यातच आता मधे एक बाई बसून खुरप्याला धार लावू शकते. मावशींचा नातू हल्लीही येतो. त्याच्यासाठी दाराबाहेर, पेटीपासून लांब, झाकण असलेला पाण्याचा माठ आणि पेला ठेवलाय. तहान लागली की तो तिकडं जातो.

तुमच्या खोलीत काय काय निघालं ते आम्हाला पुढच्या वेळी नक्की कळवा.